साहेबाच्या माळावरची अकरा थडगी: आधी नोंद करायला हवी होती, आधी रंग दिला

माळावरचा

गाव इगतपुरी तालुक्यातलं आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे येईलच. आमच्या भातखाचरांच्या वरच्या अंगाला एक माळ आहे, त्याला सगळे ‘साहेबाचा माळ’ म्हणतात. लहानपणी तिथे जायची बंदी होती. तरी करवंदांच्या दिवसांत आम्ही जायचोच, आणि थडग्यांवर बसून करवंदं खायचो. माळावरून रेल्वेची शिट्टी ऐकू येते, रूळ मात्र दिसत नाहीत.

एकूण अकरा बांधीव थडगी. चारांवर अक्षरं आहेत, सगळी इंग्रजीत. एकावर संगमरवरी पाटी होती, ती माझ्या शाळेच्या दिवसांतच कुणीतरी काढून नेली. आता तिथे चौकोनी खाच आणि खाचेत पावसाचं पाणी. बाकी सगळं घाणेरीच्या जाळीत. एका थडग्याच्या फटीत उंबर उगवलाय, मनगटाएवढा जाड.

आता चूक सांगतो. गेल्या २ ऑक्टोबरला गावात स्वच्छता मोहीम होती. शाळा झाली, पाणवठा झाला, तेव्हा मीच म्हणालो की माळही साफ करू. पोरांनी दोन तासांत जाळी तोडली. हुरूप आला होता. कुणीतरी चुन्याचा डबा आणला, कुणीतरी काळा ऑइलपेंट. दुपारपर्यंत थडगी पांढरीशुभ्र आणि अक्षरं काळीकुळकुळीत. फोटो काढले, गावाच्या ग्रुपवर टाकले, शंभरेक अंगठे आले.

संध्याकाळी रॉकेलने हात धुताना डोक्यात आलं. सर्वांत लहान थडगं एका सात महिन्यांच्या बाळाचं आहे. त्यावर मृत्यूची तारीख आहे: रविवार, १७ मे, आणि साल. माझ्या आठवणीत ते १८६३ होतं. रंगवलेलं आहे १८६८. पोरगं हुशार आहे, पण झिजलेला आकडा, वर ओला चुना, त्याला जे दिसलं त्यावरून त्याने ब्रश फिरवला. आणि माझ्याकडे आधीचा एकही फोटो नाही. चाळीस वर्षं त्या दगडावर बसलो, फोटो एक नाही.

आता हे साल कसं ठरवायचं? आणि बाकीच्या दहांची नोंद नीट कशी करायची?

गवंडीकाका

पहिलं काम म्हणजे आता कशालाही हात लावू नका. थिनर नको, अ‍ॅसिड नको, तारेचा ब्रश तर अजिबात नको. आपल्याकडचा काळा दगड टणक असतो, पण दीडशे पावसाळे खाल्लेल्या अक्षराची कड टणक राहत नाही. तारेने घासलं की रंगाबरोबर कडही जाते. चुना फारसा चिंतेचा नाही, इगतपुरीच्या पावसात दोन वर्षांत अर्धा उतरेल. ऑइलपेंट उतरणार नाही. तो काढायचाच झाला तर दगडाचं काम जाणणाऱ्याकडून, आणि तेही एका कोपऱ्यात आधी करून बघून.

उंबर उपटू नका. मूळ चिऱ्यांच्या आत गेलेलं असतं, ओढलंत तर अख्खी बाजू अंगावर येईल. बुंध्याशी कापा आणि दर पावसाळ्यानंतर फुटवे खुडत राहा. कंटाळवाणं काम आहे, पण तेवढंच आहे.

आणि कुणी ‘दोन गोणी सिमेंट देतो’ म्हणून पुढे आलं तर चहा पाजा आणि परत पाठवा. जुनं बांधकाम चुन्याचं असतं. ते ओल घेतं आणि सोडतं. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. मी स्वतः एका देवळाच्या दीपमाळेवर हे पाप केलंय, म्हणून सांगतो.

तेरीखपंचमी

अहो सोपं आहे! वार दिलाय ना? १७ मे १८६३ ला कोणता वार होता ते काढायचं. काढला. रविवार! सुटलं कोडं. 😊

घाटमाथा

तेरीखपंचमी, एकदा १७ मे १८६८ चाही वार काढून बघा.

तेरीखपंचमी

अरे देवा. तोही रविवारच.

मधे पाच वर्षं, आणि १८६४ आणि १८६८ अशी दोन लीप वर्षं. पाच अधिक दोन सात, म्हणजे वार फिरून तिथेच. जानेवारी-फेब्रुवारीतली तारीख असती तर फरक पडला असता. माफी असावी, प्रतिसाद मागे घेतो.

माळावरचा

मागे घेऊ नका, राहू द्या. मीही हाच जुगाड करून रात्रभर खूश होतो.

घाटमाथा

या पाच वर्षांच्या फरकाला इतका अर्थ का आहे ते सांगतो, कारण नुसतं ‘जुनं आहे’ म्हणून चालत नाही.

बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली. पुढे सह्याद्री आडवा. भोर घाट २१ एप्रिल १८६३ ला खुला झाला, आपला थळ घाट १ जानेवारी १८६५ ला. कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना चढ आहे सदतीसास एक (सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर), म्हणून आजही मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. म्हणजे बाळ १८६३ मध्ये गेलं असेल तर त्याचे आईबाप घाट बांधला जात असताना इथे राहत होते: तंबू किंवा कुडाची घरं, ओढ्याचं पाणी. १८६८ असेल तर गाडी सुरू झालेली होती आणि ते पगारी रेल्वे-नोकराचं घर असू शकतं. दोन अगदी वेगळी आयुष्यं.

भोर घाटाची एक गोष्ट पुष्कळांना माहीत असते. तिथला ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि ठेका त्याची बायको अ‍ॅलिस हिने पुरा करवून घेतला. ठेकेदारांची ही गत, तर पाट्या वाहणाऱ्यांची काय असेल? पटकी (कॉलरा), हिवताप, सुरुंगाचे अपघात. त्यांच्या नावाचे दगड कुठे आहेत, हा प्रश्न या धाग्यावर कुणीतरी विचारणार आहे, म्हणून मीच आधी विचारून ठेवतो.

नांगरट

विचारतोच. मला या सगळ्याचा थोडा राग येतो. आमच्या गावच्या मसणवट्याला पत्र्याची शेड नाही, पावसाळ्यात प्रेत ताडपत्रीखाली जाळावं लागतं. आणि इथे गोऱ्यांच्या थडग्यांना ब्रश कोणता वापरावा यावर चर्चा. त्यांच्यासाठी विलायतेत संस्था आहेत की.

जुनाकागद

राग रास्त आहे. संस्था आहेत हेही खरं. दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूम्यांसाठी थिऑन विल्किन्सन यांनी १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये संस्था काढली. तिचं संक्षिप्त नाव बाक्सा, आणि तिच्या पत्रिकेचं नाव चक्क ‘चौकीदार’. पण त्या संस्थेचा भर पहिल्यापासून नोंदीवरही आहे, फक्त डागडुजीवर नाही. सगळी थडगी टिकणार नाहीत हे त्यांनी केव्हाच गृहीत धरलंय.

युद्धात गेलेल्यांचंही तसंच. खडकीला राष्ट्रकुल युद्धस्मशान आहे. तिथल्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर अठराशेहून जास्त नावं आहेत, आणि ती माणसं तिथे पुरलेली नाहीत. भारत-पाकिस्तानातल्या छावण्यांच्या आणि गावोगावच्या दफनभूम्यांत ती आहेत, ज्यांची देखभाल पुढे शक्य राहिली नाही. थडगी सोडून दिली, नावं एकत्र आणून कोरली. नावं आधी उतरवलेली होती म्हणूनच ते जमलं.

मूळ प्रश्न: मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या चर्चमधल्या नोंदींच्या प्रती दरवर्षी लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबई इलाख्याच्या मालिकेचा क्रमांक एन/३. ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा इतिहास शोधणाऱ्या फिबिस या मंडळाची सूची घरबसल्या चाळता येते. आडनाव तुमच्याकडे आहे, स्पेलिंगचे चार-पाच प्रकार करून बघा. मात्र हाती काही लागलं नाही तर ‘मूल नव्हतंच’ असा अर्थ काढू नका. पाद्री महिन्यातून एकदा फेरी मारत असेल तर तान्ह्या बाळाची नोंद राहून जाणं अवघड नव्हतं.

शेवंती

नांगरट दादांना एक सांगायचंय. नाशिककडची सगळीच ख्रिस्ती थडगी ‘गोऱ्यांची’ नाहीत हो. शरणपूर घ्या. आता शरणपूर रोड म्हटलं की मोबाईलची दुकानं आणि ट्रॅफिक, पण १८५४च्या सुमारास ती गावाबाहेरची मिशनची वस्ती होती. इथले धर्मांतरित होते, तसेच अरबी समुद्रातल्या गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही होती. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकायची. इंग्रजी कागदांत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणतात. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत, तिथे भटकंती करणाऱ्या लिव्हिंगस्टन या ब्रिटिश मिशनऱ्याच्या शेवटच्या दिवसांतल्या तुकडीत होता. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन गेला तेव्हा ज्या झाडाखाली त्याचं काळीज पुरलं, त्या झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली ती वेनराइटने. पुढे झाड खराब व्हायला लागलं तेव्हा खोडाचा तेवढा तुकडा कापून लंडनला नेला.

म्हणजे आपल्या नाशकात अक्षरं गिरवलेल्या पोराने एका परक्या देशात, एका परक्या माणसाचं नाव लिहून ठेवलं. मला ते फार आवडतं. बाकी काही म्हणणं नाही.

सिन्नरी

अवांतर, पण तितकंही नाही. गोंदेश्वर बघायला सगळे येतात. आमच्या तालुक्यात शेताच्या बांधांवर वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड) पडलेत, तिकडे कोण बघतं? आमच्या मळ्यातला वीरगळ वीस वर्षं धुण्याचा दगड होता. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला घेऊन चाललेल्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि टोकाला चंद्र-सूर्य. मधल्या चौकटीतल्या अप्सरा साबणाने गुळगुळीत झाल्या. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मला वाटलं नक्षी आहे, कपडा चांगला घासला जातो.” आता उभा केलाय, आणि आई दर अमावस्येला नारळ फोडते. शेंदूर मात्र लावू दिला नाही, त्यावरून अजून धुसफूस चालू असते.

गोसाव्यांच्या समाध्या, लिंगायतांच्या दफनभूम्या, कब्रस्तानांचे जुने कोपरे, पेठ-सुरगाण्याकडचे वीरांचे दगड, यांचीही हीच गत. नाशकात धुळवडीला दाजीबा वीराची मिरवणूक निघते, गर्दी मावत नाही. घोड्यावरच्या वीराचा कोरीव दगड बांधावर पडला असेल तर त्यावर पंपाची मोटर ठेवतात. तेव्हा माळावरचा, तुमच्या अकरांच्या आसपास आणखी काही आहे का ते बघा. असतंच.

माळावरचा

सिन्नरी, तुमच्या शेवटच्या ओळीमुळे परवा पुन्हा माळावर गेलो. नांगरट, तुमच्यामुळेही.

थडग्यांच्या खाली उतारावर दगडांच्या ढिगाऱ्या आहेत. आजवर मला वाटायचं शेत काढताना वेचलेले धोंडे आहेत. पण तिथे शेत कधी नव्हतंच, सगळा कातळ. वाडीवरच्या एका ठाकर आजींना घेऊन गेलो. वय त्यांनाही नेमकं माहीत नाही, नव्वदीच्या असतील. त्या ढिगारीपाशी थांबल्या, खाली वाकून एक दगड उचलला आणि ढिगारीवर ठेवला. सवयीने, आपण देवळासमोरून जाताना हात छातीशी नेतो तसा.

मी विचारलं, “आजी, हे काय?”

“ही पटकीची मानसं.”

“कोण होती?”

“रुळाची. माजी सासू सांगायची, हितून जाताना येक धोंडा टाकावा. रिकाम्या हातानं जाऊ नये.”

“आपली होती का, बाहेरची?”

“मेल्यावर काय आपली न् काय बाहेरची. धोंडा टाकायचा.”

पटकी केव्हाची, गाव कुठलं, नावं काय, आजींना काही ठाऊक नाही. मी सदतीस ढिगाऱ्या मोजल्या. चाळीस वर्षं त्यांच्यावरून चालत वर जाऊन इंग्रजी अक्षरं बघत होतो.

नांगरट

माझा आधीचा प्रतिसाद पुन्हा वाचला. शेडचं दुःख तसंच आहे, पण बाकीचं मागे घेतो. सदतीस ढिगाऱ्यांची नोंद कराल तेव्हा सांगा, दोन दिवस येतो. टेप धरायला माणूस लागेलच.

सजा_निवृत्त

तीस वर्षं दप्तर सांभाळलं आहे, म्हणून थोडं कागदाचं.

आधी तो माळ कोणाच्या नावावर आहे ते बघा. गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या. जुन्या नकाशावर दफनभूमीची खूण कधी असते, कधी नसते. सातबारावर पोटखराबा बघा, त्यात ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन वर्ग असतात. ‘अ’ म्हणजे खडकाळ, नाला वगैरे, लागवडीला न येणारी. ‘ब’ म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली: रस्ता, पाण्याची जागा, आणि कोणत्याही समाजाची दहन-दफनाची जागा. तुमच्या माळाची नोंद ‘ब’मध्ये असेल तर हातात काहीतरी आहे. नुसतं ‘गायरान’ असेल तर उद्या कुठल्याही प्रकल्पाला जागा दाखवताना कागदावर तो मोकळा माळच. दाखवणारा दुष्ट असतो असं नाही. त्याच्यासमोरच्या कागदावर थडगी नसतात, एवढंच.

म्हणून ग्रामसभेत ठराव घ्या आणि ठरावात गट क्रमांक, चतुःसीमा, थडग्यांची संख्या, ढिगाऱ्यांची संख्या लिहा. दफनाच्या जागेत घुसून विटंबना करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २९७ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ३०१. पण तक्रार करायला आधी तिथे दफनाची जागा आहे हे दाखवावं लागतं, आणि त्यासाठी नोंद.

गवंडीकाका

नोंद कशी, तर माझी पद्धत साधी आहे. जाडसर वही, सुती दोरी, टेप, पेन्सिल (पेन पावसात फुटतं). एक कायमचा खुणेचा दगड धरा आणि प्रत्येक थडगं त्याच्यापासून किती पावलं, कोणत्या दिशेला ते मांडा. मोबाईलचं जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतं. शेतासाठी ठीक, पण दोन थडग्यांत मीटरभर अंतर असेल तर काय उपयोग? प्रत्येकाला क्रमांक, चार बाजूंनी फोटो, शेजारी पट्टी ठेवून. मजकूर ओळीला ओळ जसाच्या तसा, चुकीचं स्पेलिंग दुरुस्त न करता. न वाचलेल्या अक्षराच्या जागी टिंब. अंदाज असेल तर तो वेगळ्या रकान्यात, मजकुरात मिसळायचा नाही.

खडूने अक्षरं भरू नका. पीठ चोळू नका, मुंग्या येतात आणि बुरशीही.

आणि नेमका ठावठिकाणा इंटरनेटवर टाकू नका. वहीत असू दे, पंचायतीत असू दे. ‘साहेबाचं थडगं’ म्हटलं की गुप्तधनवाले पहार घेऊन येतात. संगमरवर एकदा गेलाय ना तुमचा?

माळावरचा

गावाचं नाव म्हणूनच दिलं नव्हतं. काका, १८६३/६८ चं काय करू? फिबिसच्या सूचीत आडनावाचे सहा प्रकार करून बघितले. त्या आडनावाचा एक प्रौढ माणूस मिळाला, बाळ नाही.

गवंडीकाका

आरसा आहे का घरी? मोठा?

खोदलेलं अक्षर समोरून बघायचं नसतं, बाजूने उजेड टाकून बघायचं असतं. दगडाला घासून उजेड गेला की खोल भागात सावली पडते. रंग सावली लपवत नाही, पातळ असला तर अजिबात नाही. सकाळी किंवा उतरत्या उन्हात एकाने आरसा धरून ऊन दगडावर आडवं मारायचं. नाहीतर रात्री टॉर्च दगडाला टेकवून, डावीकडून, उजवीकडून, वरून. प्रत्येक बाजूचा वेगळा फोटो.

तेरीखपंचमी

वाचतोय. श्वास रोखून.

माळावरचा

काल केलं. कपाटाच्या दाराचा आरसा स्क्रू काढून नेला, बायको अजून बोलत नाहीये. नांगरट दादा खरंच आले होते, ढिगाऱ्यांची मोजणी त्यांनी आणि पुतण्याने मिळून केली. सदतीस नाही, एकेचाळीस निघाल्या. चार घाणेरीच्या मुळांखाली होत्या.

साडेपाचला ऊन माळाच्या कडेला आलं. रंगवणाऱ्या पोरालाच आरसा धरायला दिला. आधी काही दिसेना, काळा आठ म्हणजे काळा आठ. मग त्याने आरसा थोडा खाली केला. उजेड डावीकडून दगडाला घासून गेला आणि आकड्याच्या उजव्या अंगाला खोबणीची सावली उभी राहिली. डाव्या अंगाला, जिथे आठाची पोटं बंद होतात, तिथे सावली नाही. तिथे नुसता रंग, सपाट दगडावर. वरचा भाग तर गोलसुद्धा नाही: छिन्नीने मारलेली सरळ आडवी रेघ आणि तिथून तिरकं खाली. जुन्या पद्धतीचा सपाट डोक्याचा तीन.

पोरगं बराच वेळ आरसा धरून उभं होतं. ऊन गेल्यावर म्हणालं, “काका, मी पुसून तीन करून देऊ?”

म्हटलं नको, वहीत लिही.

त्याने वही घेतली. क्रमांक ७, लहान थडगं. कोरलेला आकडा ३. रंगवलेला आकडा ८. रंगवणारा, या रकान्यात त्याने स्वतःचं नाव लिहिलं. तसा रकाना आम्ही आखलेला नव्हता. त्यानेच पट्टी घेऊन आखला.

शेवंती

आणि ढिगाऱ्यांच्या पानावर नावाच्या रकान्यात काय लिहिलंत?

माळावरचा

काही नाही. एकेचाळीस ओळी आखल्या, रकाना कोरा ठेवलाय. शेऱ्यात आजींचं वाक्य आहे, त्यांच्याच बोलीत. उतरताना सगळ्यांनी एकेक धोंडा टाकला. नांगरट दादांनी दोन टाकले, का ते विचारलं नाही.